नवीन स्टाफ नर्ससाठी: वॉर्डात काम सांडतं कुठे आणि ते कसं सांभाळायचं

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग करून नुकतंच जॉइन झालेल्या पोरापोरींसाठी लिहितेय. इंजेक्शन, कॅथेटर, रायल्स ट्यूब (नाकातून पोटात घालायची नळी) हे सगळं कॉलेजात शिकवलेलं असतं, हात बसायला थोडा वेळ लागतो पण बसतो, त्याचं टेन्शन घेऊ नका. वॉर्डात खरा घोळ होतो तो काम एकाकडून दुसऱ्याकडे जाताना, म्हणजे ओव्हर देताना (शिफ्ट बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंट सोपवताना), डॉक्टर फोनवर ऑर्डर सांगताना, लॅबमधून रिपोर्ट यायचा राहिला तेव्हा, नाहीतर नातेवाईकाला आपण एक सांगितलं आणि त्याने भलतंच समजून घेतलं तेव्हा. मेमो पण बहुतेक ह्याच जागांवरून मिळतात.

ओव्हर बेडजवळ उभं राहूनच घ्या

टेबलापाशी बसून रजिस्टर वाचत घेतलेली ओव्हर काही कामाची नाही. ड्युटी आठची असेल तर पावणेआठला वॉर्डात या आणि जाणाऱ्या सिस्टरबरोबर एक चक्कर मारा. ती घाईत असणारच, तिची पण गाडी असते, घरी पोरं असतात, तरी सिरियस पेशंट आणि कालचे आजचे पोस्ट-ऑप (ऑपरेशन झालेले) एवढ्यांजवळ तरी दोघी मिळून जाच. बघायचं काय तर सलाईन कुठलं चालू आहे आणि किती उरलंय, कॅन्युलाची (शिरेतल्या सुईनळीची) जागा लाल किंवा सुजलेली आहे का, ड्रेनमध्ये (ऑपरेशनच्या जागेच्या नळीत) किती आलंय, युरोबॅगमध्ये (लघवीच्या पिशवीत) किती, ऑक्सिजन किती लिटरवर आहे, आणि झोपून असलेल्या पेशंटची पाठ वळवून बघा, नुसतं विचारू नका. सुजलेला हात पावणेआठला दोघींसमोर दिसला तर तो आधीच्या शिफ्टचा, नऊ वाजता दिसला तर तुमचा, हिशोब इतका साधा आहे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे "काय काय झालं" एवढ्यावर थांबू नका, "काय राहिलंय" ते विचारा. झालेलं सगळे सांगतात हो, राहिलेलं मात्र सुटतं. सॅम्पल गेलंय पण रिपोर्ट आला नाही, दहाच्या डोसचं अँटिबायोटिक आणायला नातेवाईक मेडिकलला गेलाय तो अजून आलाच नाही, ऑपरेशनच्या कन्सेंटवर सही बाकी आहे, असल्या गोष्टी. खिशात एक दुमडलेला कागद ठेवा, बेडचा नंबर आणि पुढे वेळ असं लिहीत जा, झालं की काट मारा. घरी जाताना तो कागद फाडून टाका, पेशंटची माहिती असते त्यावर.

मॉर्फिन-फेंटानिलच्या (नशा येणाऱ्या, कडक हिशोबाच्या पेनकिलरच्या) अँप्युल्स मोजल्याशिवाय कपाटाची किल्ली हातात घ्यायची नाही, मग देणारी कितीही जवळची मैत्रीण असू दे. इमर्जन्सी ट्रॉली पण तेव्हाच बघून घ्या, लॅरिंगोस्कोपचा (घशात बघून श्वासाची नळी घालायच्या उपकरणाचा) लाइट लागतो का, सक्शन ओढतं का. पेशंट अरेस्टमध्ये गेल्यावर (हृदय बंद पडल्यावर) सेल शोधत फिरायची वेळ येऊ नये.

डॉक्टरांना फोन करायचा असेल तर

रात्री दोनला रेसिडेंटला उठवायची भीती सगळ्यांनाच वाटते, त्यात तो वैतागून बोलला की पुढच्या वेळी हातच उचलत नाही फोनकडे. पण बऱ्याचदा वैताग कशाचा असतो माहितीये का, आपण "सर, पेशंट बरा वाटत नाहीये, येता का" एवढंच बोलतो आणि मग ते बीपी विचारतात तर आपण "थांबा हं बघते" म्हणतो. फोन लावायच्या आधी केसपेपर हातात घ्या, व्हायटल्स (बीपी, पल्स वगैरे) ताजे घ्या आणि मग एका दमात बोला, कोण, काय झालं, आधी काय होतं, आता किती आहे, तुम्हाला काय हवंय. साधारण असं:

"सर, फिमेल सर्जिकलमधून बोलतेय, बेड आठ. आज दुपारी लॅपरोटॉमी (पोट उघडून केलेलं ऑपरेशन) झालीये. संध्याकाळी बीपी १२०/८० होता, आता ९०/६० आहे, पल्स ११८. गेल्या दोन तासांत युरिन मिळून वीस एमएल. ड्रेनमध्ये लाल येतंय. मला ब्लीडिंगची शंका वाटतेय, तुम्ही आत्ता येऊन बघा."

ह्याला कोणी "सकाळी बघू" म्हणत नाही. मोठ्या माणसाची लघवी ताशी साधारण वजनाच्या किलोमागे अर्धा एमएल तरी व्हायला पाहिजे, म्हणजे साठ किलोला तीस एमएल, त्यामुळे दोन तासांत वीस हा आकडा ऐकून डॉक्टर जागा होतोच. आणि तरीही नाहीच आला, तर त्याच्या वरच्याला फोन करा, नाइट सुपरवायझर सिस्टरना कळवा, आणि नोट्समध्ये वेळ टाकून लिहा की २.१० ला कळवलं, काय उत्तर मिळालं, २.२५ ला परत कळवलं. भांडण म्हणून नाही लिहायचं, सरळ जे झालं ते लिहायचं, शेरे मारायचे नाहीत.

फोनवर ऑर्डर मिळाली तर ऐकता ऐकता लिहून घ्या आणि लिहिलेलं वाचून दाखवा, "हो" ऐकल्याशिवाय औषध भरू नका. फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखंच ऐकू येतं म्हणून "वन फाइव्ह" की "फाइव्ह झीरो" असं सुटं बोलून घ्या. पॉइंट फाइव्ह लिहिताना आधी शून्य लावायचाच, ०.५, नाहीतर घाईत तो ठिपका दिसत नाही आणि डोस दहापट होतो. पाच लिहिताना पुढे पॉइंट शून्य लावू नका, कारण तेच. युनिटसाठी नुसतं एक अक्षर लिहिलं की ते शून्यासारखं दिसतं, पूर्ण शब्द लिहा. आणि सकाळी राउंडला सही घ्या त्या ऑर्डरवर, मागून घ्या, लाज वाटायचं काही कारण नाही.

इन्सुलिन, पोटॅशियम आणि सलाईनचे थेंब

इन्सुलिनचा घोळ आपल्याकडे जास्त होतो कारण आपल्याकडे ४० ची (एका एमएलमध्ये ४० युनिट) पण व्हायल येते आणि १०० ची पण. लाल टोपीची सिरिंज ४० साठी, केशरी टोपीची १०० साठी. व्हायल १०० ची आणि सिरिंज लाल टोपीची घेतली, तर दहाच्या रेघेपर्यंत भरलं की पेशंटला दहा नाही, पंचवीस युनिट जातात. उलट केलं तर दहाच्या जागी चारच जातात आणि मग शुगर का कमी होत नाही म्हणून सगळे डोकं खाजवतात. लेबल वाचा, टोपी बघा, आणि जेवणाचं ताट समोर आल्याशिवाय रेग्युलर इन्सुलिन देऊन मोकळं होऊ नका, कारण ट्रॉली उशिरा येते किंवा पेशंट म्हणतो आज भूक नाही.

पोटॅशियम क्लोराइडची अँप्युल दहा एमएलची असते, त्यात वीस मिलीइक्विव्हॅलंट असतात, आणि दिसायला पार डिस्टिल्ड वॉटरसारखी. हे औषध डायरेक्ट शिरेत कधीच द्यायचं नाही, कधीच म्हणजे कधीच, हृदय बंद पडतं. सलाईनमध्ये घालून, नीट मिसळून, हळू. ट्रेमध्ये बाकीच्या अँप्युल्सबरोबर ठेवूच नका, वेगळ्या डब्यात, वर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावून ठेवा. तुमच्या वॉर्डात तसा डबा नसेल तर इनचार्ज सिस्टरना सांगून करून घ्या, एका रिकाम्या डब्याचा तर प्रश्न आहे.

पंप प्रत्येकाला मिळत नाही, थेंब मोजावेच लागतात. साध्या सेटमध्ये वीस थेंबांचा एक एमएल असेल (पाकिटावर लिहिलेलं असतं, एकदा बघून घ्या) तर ताशी जेवढे एमएल द्यायचेत त्याला तीनने भागा, तेवढे थेंब मिनिटाला. पाचशेची बाटली आठ तासांत म्हणजे ताशी साडेबासष्ट, भागिले तीन, एकवीसच्या आसपास. मायक्रो सेटमध्ये साठ थेंबांचा एमएल, तिथे भागाकारच नाही, ताशी जेवढे एमएल तेवढेच मिनिटाला थेंब.

ब्लड लावताना दोघींनी बॅग आणि केसपेपर ताडून बघायचा, पेशंटला "तुम्ही अमुक का" न विचारता "तुमचं पूर्ण नाव काय" असं विचारायचं, कारण अर्धवट झोपेतला माणूस कशालाही हो म्हणतो. पहिली पंधरा मिनिटं तिथून हलू नका. बॅग लावल्यापासून चार तासांच्या आत संपली पाहिजे.

स्टाफ कमी आहे, तो कमीच असणार

व्हेंटिलेटरच्या पेशंटला एक नर्स असावी असं पुस्तकात आहे, प्रत्यक्षात काय असतं ते तुम्ही बघताच आहात. सरकारी हॉस्पिटलात तर बेड भरले की पेशंट खाली फ्लोअरवर. रडून उपयोग नाही, पण एक सवय लावून घ्या, शिफ्ट सुरू झाली की कुठलंही काम हातात घ्यायच्या आधी सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून एक नजर फिरवा, श्वास कोणाचा लागलाय, कोण नेहमीपेक्षा गप्प आहे. मग स्टॅट (ताबडतोब द्यायची) औषधं, मग वेळेची औषधं, मग बाकी. फाइली लावणं, इंडेंट (स्टोअरकडे सामानाची मागणी), चादरी हे सगळं थांबू शकतं, कोणी ओरडलं तरी थांबू शकतं. औषध काढताना हाक आली तर "पाच मिनिटं" म्हणा, अर्धवट भरलेली सिरिंज लेबलशिवाय खाली ठेवून जाऊ नका.

आणि वॉर्डातल्या मावशी आणि मामांना धरून राहा. कुठल्या लिफ्टमधून स्ट्रेचर जातो, रात्री ऑक्सिजनचा सिलेंडर कुठून मिळेल, कुठला नातेवाईक पिऊन येतो, हे सगळं त्यांना माहीत असतं. नावाने हाक मारू नका, हुकूम सोडू नका, दुसऱ्या वेळचा चहा त्यांना आधी विचारा.

नातेवाईक

एका पेशंटमागे सहा जण येतात आणि सहाही जण तेच विचारतात. पहिल्याच दिवशी सांगा, घरातलं एक माणूस ठरवा, डॉक्टर आणि मी त्यांच्याशीच बोलू. आजाराचं निदान, ऑपरेशनचा निकाल, पेशंट वाचेल का, हे आपण सांगायचं नाही, पण "मला नाही माहीत" म्हणून पाठ फिरवली की माणूस चिडतो. त्यापेक्षा "काका, डॉक्टर अकराला राउंडला येतात, तेव्हा इथेच थांबा, मी तुमची गाठ घालून देते" असं म्हणा, आणि खरंच गाठ घालून द्या. एचआयव्हीचा रिपोर्ट तर बायकोला, भावाला, कोणालाच आपल्या तोंडून कळता कामा नये, त्याचा २०१७ चा कायदा आहे.

निम्मी भांडणं भीतीपोटी होतात. सलाईन संपलं की हवा जाऊन माणूस मरतो अशी लोकांची पक्की समजूत असते, म्हणून लावतानाच सांगून ठेवा की बाटली रिकामी झाली तरी लगेच काही होत नाही, बेल मारा, मी येते. ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवलेल्या पेशंटला चहा पाजणं हा तर आपला राष्ट्रीय कार्यक्रम आहे, "घोटभरच दिला हो सिस्टर, बिस्कीट नाही दिलं". नुसतं "काही देऊ नका" म्हणून चालत नाही, कारण चहाला कोणी खाणं धरतच नाही. सांगा की दुधाचा चहा म्हणजे जेवणच, भूल देताना उलटी फुफ्फुसात गेली तर जीवावर बेतेल. कारण कळलं की बहुतेक लोक ऐकतात.

आवाज चढलाच तर वाद घालत बसू नका, हात जोडूनही काही होत नाही अशा वेळी. तुम्ही दरवाज्याच्या बाजूला उभ्या राहा, कोपऱ्यात अडकू नका, सिक्युरिटीला आणि डॉक्टरांना बोलवायला दुसऱ्या कोणाला तरी पळवा. महाराष्ट्रात हॉस्पिटलमधल्या हिंसेविरुद्ध २०१० चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड, अजामीनपात्र. तो नर्सलाही लागू आहे, फक्त डॉक्टरांना नाही. मारहाण झाली तर अंगावरच्या जखमेची कॅज्युअल्टीत नोंद करून घ्या, नंतर "जाऊ दे ना सिस्टर" म्हणणारे खूप भेटतात. त्रास आतल्याच माणसाकडून असेल, म्हणजे घाणेरडं बोलणं, हात लावणं, तर दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असायलाच हवी, तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करायची असते.

नाइट

दिवसा झोपायचं म्हणजे खोलीत अंधार करून झोपायचं, मोबाइल लांब ठेवून, आणि घरच्यांना सांगून की दुपारी दोनपर्यंत मी घरात नाही असं समजा. सासरी हे पटवायला वेळ लागतो, माहितीये. रात्री निघताना जेवून निघा, डबा हलका न्या. तीन ते पाच ही सगळ्यात वाईट वेळ, तेव्हा डोसचं गणित एकटीने करू नका, दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घ्या, ती झोपेत असली तरी. चेंजिंग रूमला, खालच्या मजल्यावर, रक्तपेढीत एकटीने जायचं नाही, मावशीला सोबत घ्या. मुंबईच्या केईएममध्ये १९७३ साली नर्स अरुणा शानबागवर जो लैंगिक हल्ला झाला तो हॉस्पिटलच्या आवारातच झाला होता. आणि नवीन वॉर्डात पहिल्या नाइटला आग विझवायचं सिलेंडर कुठे आहे, दुसरा दरवाजा कुठे उघडतो आणि त्याला कुलूप तर नाही ना, हे बघून ठेवा. भंडाऱ्यात ९ जानेवारी २०२१ ला नवजात बाळांच्या युनिटमध्ये आग लागली तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, दहा बाळं गेली.

सुई टोचली तर

पहिली गोष्ट, टोपी परत लावायला जाऊ नका, बहुतेक टोचतं तेव्हाच. वापरलेली सुई नीडल कटरमध्ये किंवा सरळ पांढऱ्या डब्यात. रक्ताने भिजलेला कापूस-गॉज पिवळ्या पिशवीत, सलाईन सेट आणि ग्लोव्हज लाल, काचेच्या अँप्युल्स निळ्यात. कचऱ्याच्या पिशवीत हरवलेली सुई मावशीच्या हातात घुसते, हे लक्षात ठेवा.

तरी टोचलीच तर बोट दाबून रक्त काढत बसू नका, तोंडात घालू नका, स्पिरिट ओतू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, ताबडतोब इनचार्जना सांगा आणि कॅज्युअल्टी किंवा एआरटी सेंटरला (एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्राला) जा. एचआयव्हीची औषधं लागणार असतील तर पहिला डोस जमलं तर दोन तासांच्या आत, ७२ तासांनंतर उपयोग नाही, कोर्स २८ दिवसांचा असतो. पेशंटचा रिपोर्ट येईपर्यंत थांबून राहू नका, आधी डोस सुरू होतो, रिपोर्ट निगेटिव्ह आला तर डॉक्टर बंद करतात. "ड्युटी संपल्यावर जाते" हे तर अजिबातच नको. हिपॅटायटिस बी ची लस शून्य, एक आणि सहा महिने अशी तीन डोसची, ती जॉइन व्हायच्या आधीच झालेली बरी, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर (लस लागली का ते बघायची रक्ततपासणी) करून घ्या, दहाच्या वर पाहिजे. टोचल्याची नोंद रजिस्टरमध्ये झाली की तिचा फोटो काढून ठेवा आणि तुमच्या सगळ्या रिपोर्टची झेरॉक्स घरी ठेवा, ऑफिसमधली फाइल मागायला गेलात की सापडत नसते.