हाताच्या शस्त्रक्रियेसाठी नर्व्ह स्टिम्युलेटरवर ब्लॉक: सुई टोचण्याआधीची तयारी

काखेतला ब्लॉक (नर्व्हभोवती औषध देऊन हात बधिर करणं) स्टिम्युलेटरवर (सुईतून बारीक करंट सोडून नर्व्ह शोधणाऱ्या यंत्रावर) द्यायचा असेल तर तयारी यंत्रापासून सुरू करू नये. आधी सर्जनला दोन गोष्टी विचाराव्यात: छेद कुठे घेणार आणि टुर्निकेट (रक्तप्रवाह रोखणारा पट्टा) किती वेळ राहणार. करंगळीची बाजू म्हटलं की अल्नर नर्व्ह चुकवून चालत नाही. अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंतचा तळवा मिडियनचा, हाताच्या पाठीचा अंगठ्याकडचा भाग रेडियलचा. दंडाच्या आतल्या बाजूची वरची त्वचा मात्र इंटरकोस्टोब्रॅकियलकडे असते आणि ती नर्व्ह ब्रॅकियल प्लेक्ससमधली (हाताच्या नर्व्हच्या जाळ्यातली) नव्हेच. दंडावर टुर्निकेट बांधायचा तर काखेत कातडीखाली वेगळं औषध पसरावं लागतं, त्याची सिरिंज आत्ताच भरून ठेवावी.

पेशंटची बाकी तयारी नेहमीचीच: घन आहार 6 तास आणि पाणी 2 तास बंद, संमती, ॲलर्जी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. वजन मात्र अंदाजाने लिहू नये, काट्यावर घ्यावं. बाजूची खूण पेशंटला विचारून करावी आणि सुई हातात घेतल्यावर पुन्हा बघावी. प्रत्येक बोटाची संवेदना आणि हालचाल तपासून केसपेपरवर लिहावी. जखमेनेच बधिर झालेलं बोट नोंदवायचं राहिलं, तर उद्या तो बधिरपणा ब्लॉकच्या नावावर जमा होतो. जुन्या मधुमेहात नेहमीपेक्षा जास्त करंट लागू शकतो, आणि पेसमेकर असेल तर स्टिम्युलेटर वापरायचा की नाही हे टेबलावर घेण्याआधीच ठरलेलं असावं.

सलाइन, बीपीचा पट्टा आणि पल्स ऑक्सिमीटर दुसऱ्या हाताला. ज्या हाताला ब्लॉक द्यायचा त्याचं ड्रेसिंग बोटं दिसतील इतकं मोकळं करावं, कारण सगळा खेळ बोटं बघण्याचा आहे.

आता यंत्र. बॅटरी बघावी. ऋण टोक सुईला, धन टोक पेशंटच्या कातडीवरच्या ईसीजी इलेक्ट्रोडला. उलटं जोडलं तर त्याच नर्व्हला कितीतरी जास्त करंट लागतो आणि आपण सुईला दोष देत बसतो. इलेक्ट्रोड ताजा हवा, जेल वाळलेला नको, कातडी पुसून कोरडी केलेली हवी. सुई इन्सुलेटेड, 50 मिमीची, फक्त टोक उघडं असलेली. तिची नळी औषधाने भरून हवा काढून ठेवावी. पल्स 0.1 मिलिसेकंद, 2 हर्ट्झ, सुरुवात 1 मिलिअँपिअरने. इतक्या छोट्या पल्सला मोटर (हालचालीचे) तंतू प्रतिसाद देतात, वेदनेचे सहसा देत नाहीत, म्हणून बोट उडतं पण कळ जात नाही. ठरवलेला आणि प्रत्यक्ष वाहणारा असे दोन्ही आकडे यंत्र दाखवत असेल तर विश्वास दुसऱ्यावर. ट्विच (स्नायूचं उडणं) येत नसेल तर सुई खुपसत जाण्याआधी जोडणी बघावी.

औषधाचा हिशेब कागदावर करावा. ॲड्रिनलिनसह लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) किलोला 7 मिग्रॅ धरलं तर 60 किलोला 420 मिग्रॅ, म्हणजे दीड टक्क्याचे 28 मिली. बुपिव्हाकेन हे बधिर करणारं दुसरं औषध मिसळलं की दोन्हींचा विषारीपणा एकत्र मोजायचा, आणि कातडीखालचं औषधही याच हिशेबात. या औषधांची विषबाधा झाली तर द्यायचं 20 टक्के लिपिड इमल्शन खोलीतच हवं, स्टोअरच्या कपाटात नको. 60 किलोला पहिलाच डोस 90 मिली होतो आणि पाठोपाठ ड्रिप लागते, तेव्हा 100 मिलीने भागत नाही. ऑक्सिजन, सक्शन, फिट थांबवायचं औषध हे वेगळं सांगायला नको.

कुठली ट्विच स्वीकारायची हे आधी ठरवावं. मिडियनला मनगट आणि पहिली बोटं वाकतात, पंजा आत वळतो. अल्नरला करंगळी वाकते, अंगठा आत ओढला जातो. रेडियलला मनगट आणि बोटं ताठ होतात. नुसता कोपर वाकला तर ती मस्क्युलोक्युटेनियस, तिच्यापाशी सगळं औषध ओतलं तर पंजा जागाच राहतो. नुसता ट्रायसेप्स (दंडामागचा स्नायू) उडाला तरी समाधान मानू नये. टेंडन (कंडरा) तुटलेल्या हातात एक फसगत होते: नर्व्ह बरोबर सापडलेली असते, पण बोट हलत नाही. तिथे नजर पुढच्या हाताच्या (कोपर ते मनगट) स्नायूंवर ठेवावी.

करंट कमी करत ट्विच 0.3 ते 0.5 मिलिअँपिअरपर्यंत टिकली की ॲस्पिरेट करून (सिरिंज मागे ओढून रक्त येत नाही ना बघून) 1 मिली द्यावं, ती लगेच मावळते. 0.2 च्या खालीही टिकत असेल तर सुई किंचित मागे घ्यावी. देताना कळ आली किंवा सिरिंज जड लागली तर हात तिथेच थांबवावा. उरलेलं औषध दर 3 ते 5 मिलीला ॲस्पिरेट करत द्यावं.

यादीत वेळही धरावी. ब्लॉक चढायला 20 ते 30 मिनिटं हाताशी नसतील तर हा ब्लॉक घाईच्या यादीत बसत नाही. सर्जनने चिमटा काढण्याआधी आपण थंड स्पिरिटचा बोळा प्रत्येक नर्व्हच्या भागावर फिरवून बघावा. एखादी राहिली असेल तर कोपराशी किंवा मनगटाशी तेवढीच पूरक द्यायला औषध हिशेबात शिल्लक ठेवलेलं असावं. वॉर्डात जाताना हात झोळीत, आणि दुखणं सुरू व्हायच्या आधीच्या गोळीची वेळ पेपरवर लिहिलेली.