गोव्याच्या दमट हवेत ध्वनियंत्रणा तापवताना

गाणे ऐकायला बसण्यापूर्वी ध्वनियंत्रणा किती वेळ आधीपासून सुरू ठेवून तापवावी, हे यंत्रागणिक बदलते. गोव्यात मात्र पावसाळ्यात ती तापवण्याआधी कोरडी आहे ना, हे पाहणे अधिक निकडीचे असते. एसीच्या खोलीत गार झालेला अ‍ॅम्प्लिफायर दमट दिवाणखान्यात आणला की त्याच्या धातूवर बाष्प धरते, म्हणून तो खोलीइतका उबदार होईपर्यंत, निदान तासभर, बंदच ठेवावा. किनाऱ्यालगतच्या घरांत खाऱ्या वाऱ्याने आरसीए पिनांवर (यंत्रे एकमेकांना जोडणाऱ्या केबलच्या टोकांवर) हिरवट थर चढतो. त्यामुळे येणारी खरखर तापवून जात नाही. वीज बंद करून पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसाव्याच लागतात.

सुरू करताना आधी रेकॉर्ड प्लेअर किंवा सीडी प्लेअर, मग आवाज कमी-जास्त करणारा प्रीअ‍ॅम्प आणि शेवटी, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून, स्पीकर चालवणारा पॉवर अ‍ॅम्प लावावा. म्हणजे आधीच्या यंत्रांचा ठप्पकन होणारा आवाज स्पीकरपर्यंत पोहोचत नाही. व्हॉल्व्हच्या (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) अ‍ॅम्प्लिफायरला स्पीकर जोडल्याशिवाय गाणे लावू नये, कारण त्याने आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. व्हॉल्व्हमधला हीटर कॅथोडला तापवतो, तेव्हाच त्यातून इलेक्ट्रॉन सुटू लागतात. आवाज अर्ध्या-एक मिनिटात येतो खरा, पण आतला प्रवाह स्थिरावायला साधारण वीस ते तीस मिनिटे लागतात. बायस, म्हणजे गाणे नसतानाही व्हॉल्व्हमधून वाहणाऱ्या प्रवाहाची पातळी, तपासायचा असेल, तर तो त्यानंतरच तपासावा. सतत प्रवाह वाहत राहिल्याने बराच तापणाऱ्या क्लास ए ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरलाही अर्धा-पाऊण तास द्यावा. ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करणाऱ्या, कमी तापणाऱ्या क्लास डी यंत्राला मुद्दाम तापवत बसण्याची गरज मला वाटत नाही.

फरक कानांनी पडताळायचा असेल, तर तानपुरा स्पष्ट ऐकू येणारे एकच ध्वनिमुद्रण थंड आणि तापलेल्या यंत्रावर त्याच व्हॉल्यूमला ऐकावे आणि जोडाच्या (मधल्या दोन) तारांची आस, म्हणजे रेंगाळणारा नाद, कितपत सलग राहते, याकडे लक्ष द्यावे. आपल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांच्या जुन्या ७८ गतीच्या तबकड्यांवर ही परीक्षा घेऊ नये, कारण पृष्ठभागाच्या खरखरीत बारीक फरक बुडून जातो.

वीज गेली, की सगळे खटके लगेच बंद करावेत, आणि ती परतून दाब स्थिर झाल्यावरच पुन्हा क्रमाने लावावेत. बंद करताना पॉवर अ‍ॅम्प आधी बंद करावा आणि व्हॉल्व्ह पूर्ण निवेपर्यंत त्यावर कापड घालू नये.