आरसी नसलेली जुनी गाडी नावावर करताना या चुका टाळा

बेळगावच्या सीमाभागात, खानापूर किंवा चंदगडकडच्या एखाद्या शेडमध्ये वीस वर्षं ताडपत्रीखाली उभी असलेली पद्मिनी, जीप नाहीतर येझदी. भाव परवडणारा. विकणारा सांगतो, ‘आरसी घरातच कुठंतरी आहे, नाही सापडली तर एजंट डुप्लिकेट काढून देईल, गाडी न्या तोवर.’ अडकलेले बहुतेक व्यवहार याच वाक्यापासून सुरू होतात.

आपल्याकडे गाडीला घरजागेसारखं वेगळं खरेदीखत नोंदवत नाहीत. आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, आणि तिच्यामागचं आरटीओचं रजिस्टर, व्यवहारात मालकीचा पुरावा तोच. आरसी हरवली तरी रजिस्टरातलं नाव तसंच राहतं. त्यामुळे कागद कसा काढायचा, याआधी रजिस्टरात नाव कुणाचं आहे आणि तो माणूस किंवा त्याचे वारस सही करतील का, हे विचारायला हवं. उत्तर मिळेपर्यंत इसारापलीकडे एक रुपया देऊ नका.

नंबर न शोधता पैसे मोजणं

नंबरप्लेट गेलेली असली तरी नंबर सहसा कुठंतरी शिल्लक असतो: काचेवर कोरलेला, जुन्या विमा पॉलिसीवर, टॅक्स कार्डावर, टाकीच्या रंगाखाली. तो मिळाला की सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर पाहा. तिथं ‘नोंद नाही’ आलं तर बरेच जण हात टेकतात, नाहीतर गाडीची कधी नोंदच झाली नव्हती असं धरून नव्या नोंदणीच्या मागे लागतात. दोन्ही चूक. हातानं लिहिलेल्या रजिस्टरांतल्या कितीतरी जुन्या नोंदी संगणकावर चढलेल्याच नाहीत. अशा गाडीसाठी मूळ कार्यालयातून बी-एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे रजिस्टरातला उतारा, मागायचा आणि बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे ती जुनी नोंद संगणकावर, करून घ्यायची. ही एन्ट्री झाल्याशिवाय पुढचा एकही ऑनलाइन अर्ज सरकत नाही.

मूळ कार्यालय कोणतं, इथंही गफलत होते. आज बेळगाव केए-२२, चिकोडी केए-२३, बैलहोंगल केए-२४ आणि गोकाक केए-४९ आहे. पण केए, एमएच ही पद्धत १९८९ मधली. त्याआधी तीन अक्षरं आणि पुढं आकडे असे नंबर होते. कोल्हापूर, गोवा आणि आपल्याकडचे जुने नंबर दिसायला सारखे वाटतात, म्हणून पहिली दोन अक्षरं नीट वाचा: एमवाय असेल तर म्हैसूर राज्य, एमएच असेल तर महाराष्ट्र, जीडी असेल तर गोवा. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे त्याआधी इथंच नोंदलेली गाडी मुंबई राज्याच्या मालिकेतली, ‘बी’नं सुरू होणारी असते. गोकाकचं कार्यालय नंतरचं, म्हणून तिथल्या जुन्या गाडीची चौकशी आधी बेळगावात करा.

काउंटरवर ‘रजिस्टर नाही’ असं तोंडी उत्तर मिळालं तर तिथंच थांबू नका. माहिती अधिकारात १० रुपयांचं शुल्क भरून विचारा: या नंबरचं रजिस्टर कार्यालयात आहे, दुसरीकडे पाठवलंय की नष्ट केलंय? कर्नाटकातल्या नियमांनुसार अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा हवा. दोन पानं लिहिलीत तर तो परत येतो. मालकाचं नाव-पत्ता मागितलात तर खासगी माहिती म्हणून नकार येण्याची शक्यता मोठी. रजिस्टराची स्थिती विचारा, ते उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं.

डुप्लिकेट आरसी स्वतः काढायला जाणं

डुप्लिकेटचा अर्ज, म्हणजे फॉर्म २६, नोंदणीकृत मालकाचा असतो. खरेदीदारानं तो भरून मालकाची सही ‘मारणं’ ही बनावटगिरी आहे. आरसी हरवल्याची पोलीस पोच मालकाच्या नावानं हवी. कर्नाटक पोलिसांच्या ऑनलाइन ई-लॉस्ट सेवेतून किंवा ठाण्यातून ती मिळते. पंधरा वर्षांपूर्वी गेलेली आरसी ‘काल बाजारात पडली’ असं लिहू नका. नक्की तारीख आठवत नसेल तर अंदाजे वर्ष लिहा. फॉर्म २६ मध्ये नोंदणी निलंबित किंवा रद्द झालेली नाही, असंही सहीनिशी सांगावं लागतं. गाडी कधीकाळी अपघाताच्या किंवा दारूच्या गुन्ह्यात जप्त होती असं कानावर आलं, तर आधी त्या ठाण्यातून आणि कोर्टातून काय झालं ते काढा. आरसी कोर्टाच्या फायलीत असताना ‘हरवली’चं प्रतिज्ञापत्र केलं, तर पुढं तेच गळ्यात येतं.

मालक हयात असेल तर क्रम असा: फॉर्म २६, मग विकणाऱ्याचा फॉर्म २९, मग घेणाऱ्याचा फॉर्म ३०. विकणाऱ्यानं विक्रीची खबर राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत, राज्याबाहेर ४५ दिवसांत द्यायची. घेणाऱ्यानं ३० दिवसांत. फॉर्म २९-३० वर कोऱ्या सह्या घेऊन कपाटात ठेवण्याची पद्धत निपाणीपासून धारवाडपर्यंत सर्रास चालते. कोरी सही देणारा माणूस दोन वर्षांनी वारला की त्या कागदाला काही अर्थ उरत नाही. जुना मालक सही करायला कंटाळा करत असेल तर त्याला एक गोष्ट शांतपणे सांगा: २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलंय की गाडी चार हात फिरली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी रजिस्टरात नाव असलेल्यावरच येते. सही करण्यात त्याचाही फायदा आहे, हे कळल्यावर बहुतेक जण तयार होतात. त्याचा चालू मोबाइल नंबर ‘वाहन’मध्ये जोडून घ्या, नाहीतर ओटीपी कुणा तिसऱ्याच्याच फोनवर जातो.

मालक वारला असेल तर फॉर्म ३१. गाडी आधी वारसाच्या नावावर चढते, मगच तुमच्या. मृत्यू दाखला आणि नाडकचेरीतून (कर्नाटकातलं स्थानिक महसूल कार्यालय) मिळणारा वंशवृक्ष लागतो. त्यातल्या बाकीच्या वारसांची संमती हवी, आणि लग्न होऊन कोल्हापूरला किंवा पुण्याला गेलेल्या बहिणींनाही त्यातून वगळता येत नाही. घरातल्या थोरल्याची एकट्याची सही घेऊन व्यवहार पुरा केला आणि नंतर धाकट्यानं हरकत घेतली, हे फार वेळा होतं. एखाद्या वारसाची जागा सांगता येत नसेल तर तो व्यवहार सोडलेला बरा.

सीमाभागात इथं आणखी एक अडचण. एकाच माणसाचं नाव रेशनकार्डावर कन्नडमध्ये, शाळेच्या दाखल्यावर मराठीत आणि आरसीवर इंग्रजीत, तेही वेगवेगळ्या स्पेलिंगांत. ‘दोन्ही नावं माझीच’ असं प्रतिज्ञापत्र अर्जाबरोबरच जोडा. त्रुटी निघाल्यावर केलं तर आणखी एक खेप पडते. जुन्या आरसीवर बेळगावचं जुनं इंग्रजी स्पेलिंग किंवा निपाणीपुढे चिकोडी तालुका असेल तर ती चूक नाही, दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका. महाराष्ट्रातून मिळालेला वारस दाखला किंवा पोलिसांची पोच मराठीत असते; तिचा नोटरी केलेला इंग्रजी किंवा कन्नड अनुवाद सोबत लावा, अर्जही त्याच भाषांपैकी एकीत लिहा. स्टॅम्पचंही तसंच: सह्या ज्या राज्यात होतात, त्या राज्याचा स्टॅम्प. शिनोळीत घेतलेल्या महाराष्ट्राच्या स्टॅम्पपेपरवर बेळगावात करार करू नका.

चेसिस नंबरावर ग्राइंडर फिरवणं

बेळगावच्या उद्यमबागेत गाडी पत्राकामाला टाकली की कारागीर सगळा गंज ग्राइंडरनं उडवतो, आणि त्यात चेसिस नंबरही जातो. मग सगळे कागद बरोबर असूनही गाडी पास होत नाही, कारण तपासणारा अधिकारी बॉनेटखालची रिव्हेट केलेली पट्टी पाहून थांबत नाही. त्याला लोखंडात ठोकलेले आकडे दिसायला हवेत. पट्टी बदलता येते, हे त्यालाही माहीत असतं.

काम सुरू करण्याआधी छाप घ्या. रॉकेलनं तेलकट थर काढा, रंग असेल तर पेंट रिमूव्हर लावून चिंधीनं पुसा, गंजावर फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट रिमूव्हर लावा. वायर ब्रश पितळी वापरा. आकडे उघडे पडले की पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी घासा, वर पारदर्शक टेप चिकटवा. चार-पाच छापा एकदमच काढून ठेवा, कारण एनओसी (ना हरकत दाखला), नोंदणी, तपासणी प्रत्येक ठिकाणी लागतात. बुलेट आणि येझदीचा फ्रेम नंबर हँडलच्या मानेवर असतो. तिथंच केबली घासून आकडे झिजतात.

आकडे खरोखर गंजून गेले असतील तर स्वतः पंच मारू नका. आरटीओकडे लेखी अर्ज द्या. परवानगी मिळाली तर री-पंचिंग अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली होतं आणि त्याची नोंद राहते. परवानगीशिवाय ठोकलेला नंबर चोरीची गाडी लपवण्यासारखा दिसतो, आणि पोलीसही तो तसाच धरतात.

इंजिनचं वेगळं दुखणं. आपल्या भागातल्या पेट्रोल जीपांना शेतीच्या काळात डिझेल इंजिनं बसली, ॲम्बॅसॅडरचंही तसंच. आरसीवर पेट्रोल, बॉनेटखाली डिझेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली मंजुरी घेऊन इंजिनाची नोंद झालेली नसेल तर नूतनीकरणाला गाडी परत पाठवतात. इंजिनाची पावती नसेल तर मूळ जातीचं इंजिन शोधणं स्वस्त पडतं. रंगही आरसीवर आहे तोच ठेवा.

कर्जाची जुनी नोंद विसरणं

बी-एक्स्ट्रॅक्टवर बँकेचं नाव दिसलं की फॉर्म ३५, म्हणजे कर्जाची नोंद उतरवण्याचा अर्ज, लागतो, कर्ज तीस वर्षांपूर्वी फिटलं असलं तरी. बँकच उरली नाही म्हणून लोक घाबरतात. सिंडिकेट बँकेची कागदपत्रं आता कॅनरा बँकेकडे, विजया बँकेची बँक ऑफ बडोदाकडे, कॉर्पोरेशन बँकेची युनियन बँकेकडे, स्टेट बँक ऑफ मैसूरची स्टेट बँकेकडे. ज्या शाखेतून कर्ज होतं त्याच गावच्या शाखेत जा. सोसायटी बुडाली असेल तर अवसायकाची, म्हणजे ती गुंडाळायला नेमलेल्या माणसाची, सही लागते.

हद्द ओलांडताना

एमएच-०९, म्हणजे कोल्हापूरची, किंवा गोव्याची गाडी इथं कर्नाटकात कायम वापरायची तर मूळ आरटीओची एनओसी (फॉर्म २८), एनसीआरबीचा (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) वाहन चोरीला गेलेलं नसल्याचा दाखला आणि मग इथं नव्या नंबरासाठी फॉर्म २७, हे सगळं १२ महिन्यांच्या आत. एनओसीच्या अर्जाला ३० दिवसांत नकार आला नाही तर कायद्यानं ती मिळाल्याचं धरलं जातं, पण इथल्या खिडकीवर त्या तरतुदीवर भांडण्यापेक्षा कागद हातात घेऊनच या. डुप्लिकेट आरसी, कर्जाची नोंद, मालकाचं नाव हे सगळं मूळ राज्यातच निस्तरा. एनओसी बेळगावसाठी काढून पत्ता चिकोडीचा दिला तर पुन्हा पहिल्यापासून.

कर वाचवायला गाडी गडहिंग्लजच्या मावसभावाच्या नावावर ठेवायची हा सल्ला बाजारात फुकट मिळतो. विमा, मालकी आणि अपघात या तिन्ही ठिकाणी तो मावसभाव मालक ठरतो. उद्या गाडीची किंमत वाढली की तुमच्याकडे उरते ती फक्त किल्ली. कर्नाटकचा आजीवन कर किती बसेल हे गाडीच्या वयावर ठरतं. तो आकडा काउंटरवर काढून मगच भाव ठरवा.

लिलावाची गाडी आणि ‘व्हिंटेज’ची पळवाट

सरकारी खात्याची १५ वर्षांवरची ॲम्बॅसॅडर किंवा जीप कुणी ‘लिलावात घेतलेली’ म्हणून विकत असेल तर जपून. १ एप्रिल २०२३ पासून अशा सरकारी गाड्यांच्या नोंदणीचं नूतनीकरण होत नाही. त्यांची जागा नोंदणीकृत भंगार केंद्रात. पोलीस किंवा इतर जाहीर लिलावातल्या गाडीला फॉर्म ३२ आणि लिलावाचा आदेश लागतो, पैसे भरल्याची पावती पुरत नाही. लष्कराच्या डिस्पोजल जीपला, जोंगाला लष्करी अधिकाऱ्याकडचा मूळ फॉर्म २१ हवा. पहिल्या खरेदीदारानं तो हरवला असेल तर पुढचा रस्ता फार लांबचा आहे.

२०२१ च्या व्हिंटेज नियमांचा आधार घेऊन ‘आरसी नसली तरी व्हीए (व्हिंटेज गाडीचा) नंबर मिळतो’ असं सांगणारे एजंट आहेत. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठा बदल न केलेल्या दुचाकी-चारचाकींसाठी हे नियम आहेत खरे. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचं ५,०००, मुदत १० वर्षं. पण भारतात आधी नोंदलेल्या गाडीला जुनी आरसी मागतातच, आणि तिला जुना नंबरही ठेवता येतो. शिवाय अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते: प्रदर्शन, रॅली, इंधन, देखभाल एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची.

तपासणीला गाडी चालवत नेणं

मुदत संपलेली, विमा नसलेली गाडी स्वतः चालवत आरटीओत नेऊ नका, टेम्पोत घाला. नूतनीकरण (फॉर्म २५) पाच-पाच वर्षांचं होतं. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या गाड्यांचं शुल्क असं: मोटरसायकल २,००० रुपये, कार-जीप १०,०००, आयात दुचाकी २०,०००, आयात चारचाकी ८०,०००. वर उशिराचा दंड महिन्याला मोजतात, मोटरसायकलला ३००, बाकीच्यांना ५०० रुपये. बारा वर्षं पडून असलेल्या जीपचा हा हिशेब गाडीच्या किमतीजवळ जाऊ शकतो, तो विकणाऱ्यासमोर मांडा. नोंद ‘वाहन’वर आल्यावरच एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, मागवा, चेसिस नंबराचा एक आकडा चुकला तरी ऑर्डर अडते.

साखळी तुटलेली असेल तर

नोंदलेला मालक आणि विकणारा यांच्यामध्ये तीन-चार हात होऊन गेलेत, मधल्या कुणाचा कागद नाही, वारसही सापडत नाहीत. अशा गाडीला नोटरीचं प्रतिज्ञापत्र, पंचनामा, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस यांपैकी एकही गोष्ट कायदेशीर मालक मिळवून देत नाही. दिवाणी न्यायालयात मालकी जाहीर करून घेण्याचा दावा, ज्यात आरटीओलाही पक्षकार करायचं, हाच मार्ग उरतो. नोटीस नावापुरती नको, नोंदलेल्या मालकाच्या शेवटच्या पत्त्यावर बजावलेली हवी. नाहीतर हुकूमनामा मिळाल्यावर वारस उभा राहतो. दाव्याला वर्षं लागतात, वकिलाची फी वेगळी. पन्नास हजारांच्या पद्मिनीसाठी कुणी तो करत नाही. अशी गाडी सुट्या भागांसाठीच घ्यायची असेल तर करारात ‘चालवण्यासाठी नाही’ असं लिहून घ्या, आणि तिचा चेसिस नंबर दुसऱ्या गाडीवर कधीही चढवू नका.