गाईड निवडताना पेपरांची यादी कशी वाचावी

एमएस्सी झालेली मुलं पीएचडीसाठी गाईड शोधू लागली की नावांपुढे एच-इंडेक्स लिहून आणतात. संसर्गजन्य रोगांच्या संशोधनात बरीच वर्षं घालवल्यावर माझं मत पक्कं झालंय: तो आकडा पाहावा, पण त्यावर आयुष्याची पाच-सहा वर्षं कुणाच्या हाती सोपवू नयेत.

एच-इंडेक्स ३० म्हणजे किमान ३० पेपर, प्रत्येकाला किमान ३० सायटेशन, म्हणजे इतर पेपरांनी केलेले उल्लेख. त्या पेपरांत त्या माणसाचा वाटा किती, हे त्यातून कळत नाही. आमच्या क्षेत्रात ही अडचण मोठी आहे. २०१९ साली प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे जगात थेट १२.७ लाख मृत्यू झाले, असा अंदाज मांडणारा पेपर २०२२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय जर्नलमध्ये आला. त्याच्या लेखकांची यादी शंभराच्या वर आहे आणि प्रत्येकाच्या खात्यात सगळी सायटेशन जमा होतात. असं काम सगळ्यांनी मिळूनच व्हायला हवं. पण तुम्ही गाईड शोधत असाल, तर ज्या पेपरांवर त्यांचं नाव शेवटी, म्हणजे लॅबप्रमुखाच्या जागी, आणि विद्यार्थ्याचं नाव पहिलं, म्हणजे मुख्य काम करणाऱ्याच्या जागी आहे, ते वेगळे काढा. लॅब कशी चालते, ते तिथे दिसतं. विद्यार्थ्याला पहिला पेपर कितव्या वर्षी मिळाला? पुढे तो कुठे गेला?

सायटेशनला वेळही लागतो. कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या जर्नलमध्ये दाखवून दिलं, की कॉलऱ्याचे जिवाणू गाळून काढलेला द्रवसुद्धा सशाच्या आतड्यात पाणी साठवतो. म्हणजे रोग घडवतं ते जिवाणूंनी बाहेर सोडलेलं विष. कॉलऱ्याबद्दलची समजूत बदलणारा हा पेपर कित्येक वर्षं फारसा कुणी उद्धृत केला नाही. नोबेल परिसंवादाचं निमंत्रण डे यांना १९७८ मध्ये आलं, निवृत्तीनंतर. त्या पहिल्या वर्षांत कुणी त्यांचे आकडे पाहून लॅब निवडली असती, तर काय हुकलं असतं!

आणि काही परिणाम सायटेशनमध्ये मावतच नाहीत. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी आणि जंतुसंसर्गावरचे उपचार शिकवले, इंजेक्शनसुद्धा. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या हिशेबाने, ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ चा हा 'लॅन्सेट'मधला पेपर. २०११ पासून देशभर आशाताई नवजात बाळाला भेटायला घरी जातात, त्यामागे हे काम आहे. म्हणून गाईडच्या कामाबद्दल विचारा: यातून एखादी चाचणी, उपचार किंवा सरकारी धोरण बदललं का? प्रयोगशाळेतल्या मूलभूत कामासाठी हाच प्रश्न थोडा वेगळा विचारा: त्यांची पद्धत इतर लॅब आज वापरतात का?

गूगल स्कॉलरवर पाटील, जोशी, कुलकर्णी शोधाल तेव्हा जरा जपून. आद्याक्षर सारखं असलं की दुसऱ्याच कुणाचे पेपर यादीत घुसतात. ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असेल तर त्यावरून ताडून घ्या. पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीवर, मागे घेतलेल्या पेपरवर तशी ठळक सूचना असते, तीही बघा. २०२० च्या मे महिन्यात कोविडच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या औषधावर 'लॅन्सेट'मध्ये आलेला पेपर दोन आठवड्यांच्या आत मागे घेतला गेला, कारण मूळ माहितीच तपासायला मिळेना. जर्नलचं मोठं नाव तिथे कामाला आलं नाही.

एवढं झालं की त्यांचे दोन पेपर निवडा, एक जुना आणि एक गेल्या दोन वर्षांतला, आणि पद्धतींच्या भागासकट पूर्ण वाचा. नमुने कुठून आणले, किती होते, कोणते वगळले, हे वहीत लिहून काढा. ईमेलमध्ये त्यातलाच एक खरा प्रश्न विचारा. आणि त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्याशी फोनवर बोला, शक्यतो गाईड शेजारी नसताना.