पावसाआधी खुराडं साफ करायचंय? मग आधी एवढं जमवून ठेवा

मे संपत आला की आमच्या कोकणात सगळीकडे एकच धांदल, लाकडं आत घ्या, फुटकी कौलं बदला, पापड-कुरडया वाळवा, आणि या सगळ्यात कोंबड्यांचं खुराडं हमखास राहून जातं. गेल्या वर्षी माझं तेच झालं. जूनच्या ५ तारखेला आठवण झाली, दुपारभर राबून खुराडं घासून घासून धुतलं आणि संध्याकाळी पाऊस जो लागला तो चार दिवस हटलाच नाही. ओली जमीन, त्यावर टाकलेलं तूसही ओलं, आठवड्याभरात पिल्लांना रक्ती हगवण लागली आणि अकरातली चार गेली. म्हणून यंदा यादीत सगळ्यात वर मी ऊन लिहिलंय. सलग तीन दिवस कडक ऊन मिळणार असेल तरच खुराड्याला हात लावायचा, नाहीतर नुसतं कोरडं खरवडून झाडून घ्यायचं, पाणी मारायचंच नाही. धुऊन ओलं राहिलेलं खुराडं न धुतलेल्यापेक्षा वाईट, कारण रक्ती हगवणीचे जंतू विष्ठेतून बाहेर पडतात आणि ओल नि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत दुसऱ्या पक्ष्याला लागण करायला तयार होतात, फिनेल-ब्लीचिंगला ते फारसे दाद देत नाहीत, सुकवलं किंवा उकळतं पाणी ओतलं तर मात्र मार खातात.

दुसरी सोय कोंबड्यांची. तीन दिवस त्या कुठे राहणार ते आधी ठरवा. दिवसा परसात फिरतील, पण रात्रीला डालगी लागतील किंवा पडवीत कोपरा आडवून घ्यावा लागेल, कारण मुंगूस आणि रानमांजर त्याच रात्रीची वाट बघत असतात. आणि घरात कुणाचं वाळवण चाललंय का ते विचारून घ्या, हे मी हसत लिहितेय पण माझ्या सासूबाईंच्या कुरडयांवरून कोंबडा चालत गेला होता त्याचं अजून ऐकून घेते. एखादी खुडूक अंड्यांवर बसली असेल तर तिची तारीख बघा, २१ दिवसांचा हिशोब असतो, शेवटचे चार-पाच दिवस राहिले असतील तर काम पुढे ढकला, नाहीतर रात्री अंधार पडल्यावर टोपलीसकट उचलून शांत जागी ठेवा. दिवसा हलवली तर ती उठून जाते आणि अंडी गार पडतात.

हत्यारं घरचीच आहेत. खरवडायला खुरपं किंवा जुना उलथना, हिराचा खराटा, घमेलं, दोन रिकामी बारदानं, घासायला काथ्या नाहीतर कडक ब्रश. नाकाला रुमाल पुरत नाही, साधा मास्क तरी लावा, सुकलेल्या विष्ठेची धूळ छातीत बसते. हातमोजे आणि त्या कामापुरती वेगळी चप्पल ठेवा, ती घरात आणायची नाही. विष्ठेवर ब्लीचिंग टाकायची सवय असेल तर सोडा, त्यात अमोनिया असतो, दोन्ही मिळून घशाला झोंबणारा विषारी वायू होतो आणि वर घाण असताना ब्लीचिंगचा उपयोगही होत नाही. आधी कोरडं खरवडायचं, मग साबणाचं पाणी, मग वाटल्यास औषध, आणि ब्लीचिंग नि फिनेल एकत्र तर कधीच नाही. ब्लीचिंगची पुडी गेल्या वर्षीची असेल तर उघडून वास घेऊन बघा, वास गेला असेल तर पावडर कामाची राहिली नाही.

आता गोचीड. गाईची नाही, ती बारीक लाल जात जी दिवसभर बसायच्या दांड्याच्या फटीत लपते आणि रात्री कोंबडीचं रक्त पिते. कोंबडी अचानक अंडी कमी देते, तुरा फिकट पडतो, संध्याकाळी आत जायला कुरकुर करते, आणि आपण खाद्याला दोष देत बसतो. साफसफाईच्या आदल्या रात्री टॉर्च घेऊन जा, दांडा जिथे भिंतीत घुसतो तिथे पांढरा कागद घासा, लाल ठिपके उमटले तर समजायचं आहेत. ही महिनोन्‌महिने उपाशी राहू शकते, त्यामुळे चार दिवस खुराडं रिकामं ठेवलं म्हणून मरत नाही. उपाय जुनाच, दांडे काढता येत असतील तर काढून उन्हात टाका, फटीत बंबातलं उकळतं पाणी ओता आणि सुकल्यावर चुना. आमची भिंत जांभ्याची, तिला भोकंच भोकं, तिथे नुसता हात फिरवून भागत नाही, कुंचल्याने चुना भोकात कोंबावा लागतो. कळीचा चुना आणला असेल तर आदल्या दिवशीच लोखंडी डब्यात किंवा मडक्यात भिजवा, प्लॅस्टिकच्या बादलीत नाही, पाणी पडल्यावर तो खदखदतो, डोळ्यात उडाला तर डोळा जातो, पोरांना लांब ठेवा. घरट्याच्या टोपलीत निर्गुडीचा पाला घालायची आमच्या आजेसासूबाईंची पद्धत होती, मी पण घालते, पण पाल्याच्या भरवशावर चुना चुकवत नाही.

खाली टाकायला भाताचं तूस मिलवरून आधीच आणून ठेवा, पाऊस लागला की ओलंच मिळतं. दोन-तीन इंचांचा थर बसेल एवढं हवं, शिवाय पावसाळाभर बदलायला एक पोतं वेगळं आणि ते जमिनीवर नाही, फळीवर. तूस बरोबर आहे का ते मुठीत दाबून बघायचं, मूठ उघडल्यावर गोळा राहिला तर ओल आहे, सुटलं तर ठीक. कोंबड्यांची निम्मी घाण रात्री दांड्याखालीच पडते, म्हणून दांड्याखाली एक जुना फ्लेक्स अंथरा, सकाळी उचलून झटकला की झालं. फ्लेक्सला आपल्याकडे काय तोटा, कुणा ना कुणा साहेबांचा वाढदिवस असतोच.

निघालेलं खत विहिरीपासून लांब, उंचवट्यावर ढीग करा, मध्ये मध्ये सुका पाला घाला, पाऊस आत जाणार नाही असं झाका. ताजं झाडाला घालू नका, फार उष्ण असतं, माझी मिरचीची सगळी रोपं त्याने करपली. दोन-तीन महिने कुजलं की मग माडाला घाला, काही होत नाही.

धुणं-सुकणं चाललेलं असताना छप्पर बघून घ्या. फुटकं कौल, आणि पावसाची झड जिकडून येते तिकडे ताडपत्रीचा पडदा, पण वरची वीतभर जागा उघडीच ठेवायची. सगळं बंद केलं की आत अमोनिया कोंडतो. आपल्याला उभं राहून वास येत नाही, खाली कोंबडीच्या उंचीला बसून बघा, डोळे चुरचुरले तर हवा कमी आहे. पाण्याचं भांडं बाहेरच ठेवा. सांडलेलं खाद्य रोज उचला, त्याला उंदीर येतात आणि उंदरांमागे नाग, शिवाय कोकणात पावसाळ्यात उंदरांमुळे लेप्टोच्या तापाची (लेप्टोस्पायरोसिस) भीती असतेच.

कोंबड्या बाहेर आहेत तोवर एकेक हातात धरून शेपटीखाली उवा आहेत का, पायाचे खवले उचललेत का ते बघा, आणि राख-मातीचा एक खड्डा करून द्या, त्यात लोळून बाकीचं त्या करतात. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस पण याच आठवड्यात उरकते. बाटली एकदम शंभर डोसांची येते आणि औषध मिसळलं की एक-दोन तासांत संपवावी लागते, त्यामुळे वाडीतल्या चार घरांनी मिळून ठरवायचं आणि थर्मासमध्ये बर्फ घालून आणायची. पाण्यातून लस देणार असाल तर त्या दिवशी पाण्यात पोटॅशियम परमँगनेट किंवा ब्लीचिंग नको, लसच मरते. आणि पाठोपाठ खूप पक्षी मरायला लागले तर स्वतः हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हापासून ही गोष्ट कुणी हलक्यात घेऊ नये.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चुना पूर्ण सुकला, बोटाला ओल लागत नाही हे बघून तूस पसरा आणि कोंबड्या सोडा. पांढऱ्याशुभ्र खुराड्याला त्या बिचकतात, त्यामुळे दार लावायच्या आधी टॉर्च मारून मोजा, आमच्याकडे एक-दोन तरी फणसावर चढून बसलेल्या असतातच, शिडी हाताशी ठेवा.