एपी किती घ्यायचे? फॉर्म भरायच्या आधी घरी बसून एवढं करा

जानेवारी-फेब्रुवारी आला की इथे अमेरिकेत हायस्कूलच्या मुलांचे पुढच्या वर्षीचे विषय निवडायचे फॉर्म येतात आणि आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न सुरू होतो, तुमच्याकडे एपी किती घेतले? एपी म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, हायस्कूलमध्येच घेता येणारे कॉलेजच्या पातळीचे विषय. आपण बरेचजण अकरावी-बारावी सायन्स करून आलोय, तिथे पीसीएम नाहीतर पीसीबी घेतलं की अख्ख्या वर्गाचं टाइमटेबल जवळजवळ एकच. इथे प्रत्येक विषयाची लेव्हल वेगळी निवडता येते, म्हणजे मॅथ एपी, इंग्लिश ऑनर्स (रेग्युलरपेक्षा अवघड, एपीपेक्षा सोपं) आणि सायन्स रेग्युलर असंही चालतं, आणि हे माझ्या डोक्यात नीट बसेपर्यंत मोठीची अकरावी संपली होती.

तिने अकरावीत चार एपी घेतले. यूएस हिस्टरी, इंग्लिश लँग्वेज आणि कॅल्क्युलस एबी तिने स्वतः ठरवलेले, चौथं केमिस्ट्री माझ्या आग्रहामुळे, कारण तिच्या मैत्रिणीने घेतलं होतं. ऑक्टोबरमध्ये एकदा रात्री दीडला उठले तर ही हिस्टरीचं पुस्तक मांडीवर घेऊन बसल्या बसल्या झोपलेली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, मला केमिस्ट्री आवडत नाही असं नाही गं, मला ते वाचायला वेळच मिळत नाही." सोडायला गेलो तर ड्रॉप करायची तारीख उलटून गेलेली, आता सोडलं तर ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे सगळ्या वर्षांच्या ग्रेडच्या पत्रकावर, डब्ल्यू (विषय मध्येच सोडल्याची खूण) येणार. शेवटी तिने ते रेटलं, पण नऊ वर्षं चाललेलं भरतनाट्यम त्या वर्षी सुटलं ते सुटलंच. याचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून धाकट्याच्या वेळी आम्ही सगळं वेगळ्या पद्धतीने केलं, ते लिहिते.

आधी शाळेचं कोर्स कॅटलॉग काढा आणि मुलाला शेजारी बसवून वाचा. चार गोष्टी शोधायच्या, शाळेत एकूण एपी किती आहेत, कुठल्या एपीच्या आधी काय झालेलं लागतं, जीपीएमध्ये (सगळ्या ग्रेडची सरासरी) एपीला जादा वेट किती मिळतं (बऱ्याच शाळांत एपीचा ए म्हणजे चाराऐवजी पाच, पण प्रत्येक डिस्ट्रिक्टचं वेगळं असतं), आणि ड्रॉप करायची शेवटची तारीख. कॉलेजवाले मुलाचं ट्रान्सक्रिप्ट त्याच्या शाळेच्या प्रोफाइलसोबत (शाळेत काय काय शिकवतात याची माहिती) वाचतात. कॉमन ॲपमध्ये (बऱ्याच कॉलेजांना चालणारा एकच अर्ज) शाळेच्या काउन्सेलरला विचारलेलं असतं की तुमच्या शाळेतल्या बाकीच्या मुलांच्या मानाने याने निवडलेले विषय किती अवघड होते. म्हणजे तुलना त्याच शाळेतली. ज्या शाळेत सहाच एपी आहेत तिथे चार घेणं आणि पंचवीस आहेत तिथे चार घेणं यात खूप फरक आहे, त्यामुळे टेक्सासमधल्या भाच्याने किती घेतले याचा तुमच्या मुलाशी काही संबंध नाही, खरंच नाही.

मग तासांचा हिशोब, हा कागदावरच करा, तोंडी करू नका. आठवड्याचे तास 168. या वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते असं झोपेचे डॉक्टर सांगतात, आपण कमीत कमी आठ धरू, म्हणजे 56 गेले. शाळा आणि बस मिळून रोजचे आठ, पाच दिवसांचे 40. जेवण, आंघोळ, इकडेतिकडे रोजचे दोन तास, 14 गेले. उरले 58. आता यातून स्विमिंग, बँड, तबला, रविवारची मराठी शाळा, वीकेंडची नोकरी असेल तर ती, आणि मित्रांसोबत नुसतं बसणं हे सगळं वजा करा. धाकट्याचे 24 उरले. मग मागच्या वर्षी ते विषय केलेल्या दोन-तीन मुलांना फोन करून विचारलं की होमवर्कला आठवड्याला किती तास जायचे, आणि ते आकडे त्याच्यासमोर मांडले. मी काही बोललेच नाही, त्यानेच एक एपी खोडलं.

सगळे एपी सारखे नसतात हे पण लक्षात घ्या. ह्यूमन जिऑग्राफी बऱ्याच शाळांत नववीतली मुलं घेतात. यूएस हिस्टरीत वाचन अफाट, आणि परीक्षेत जुनी कागदपत्रं समोर ठेवून त्यावर निबंध लिहायचा असतो. कॉम्प्युटर सायन्स ए म्हणजे जावा प्रोग्रॅमिंग, कॉम्प्युटर सायन्स प्रिन्सिपल्स त्यापेक्षा सोपं आणि वरवरचं. फिजिक्स 1 ला कॅल्क्युलस लागत नाही, फिजिक्स सी ला लागतं, त्यामुळे कॅल्क्युलस सोबत चालू नसेल तर सी च्या वाटेला जाऊच नका. मुलाला झेपेल का हे बघायला सोपी युक्ती, एपीच्या परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या साइटवर मागच्या परीक्षांचे मोठे लेखी प्रश्न फुकट असतात, त्यातला एक काढून वाचायला द्या. उत्तर यायला नकोच, ते तर वर्षभर शिकायचंच आहे. "हे कसं करतात?" असं विचारतोय की कागद बाजूला सरकवतोय एवढंच बघा.

ऑनर्समध्ये ए बरा की एपीमध्ये बी, हे सगळेच विचारतात. माझं मत सांगते, पुढे जे शिकायचंय त्या विषयात एपी घेऊन बी आला तरी चालेल, कारण कॉलेजात तोच विषय आणखी जड होऊन समोर येणार आहे. पण ज्यात गोडी नाही तिथे ऑनर्स घ्या आणि रात्री झोपू द्या. सी येईल असं वाटत असेल तर मात्र अजिबात नको. कॅलिफोर्नियात असाल तर यूसीचा (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) हिशोब वेगळा आहे, ते फक्त दहावी-अकरावीचे ग्रेड धरतात आणि जादा पॉइंट जास्तीत जास्त आठ सेमिस्टरना देतात, म्हणजे वर्षभराचे चार कोर्स. जीपीए वाढावा म्हणून त्या आठाच्या वर एपीचा ढीग लावून काही मिळत नाही.

आता पैशांचं. परीक्षा मे महिन्यात, फी एका विषयाची साधारण शंभर डॉलर, मार्क 1 ते 5, निकाल जुलैत. बऱ्याच स्टेट युनिव्हर्सिटी 3 ला सुद्धा क्रेडिट देतात (म्हणजे तो कोर्स कॉलेजात झाला असं धरतात), इलिनॉयमध्ये सरकारी कॉलेजांना तसा कायदाच आहे, आणि तिथे एक सेमिस्टर वाचलं तर हजारो डॉलर वाचतात. पण कॅलटेकसारख्या ठिकाणी एपीचं क्रेडिट मिळत नाही. मेडिकलला जायचं असेल तर बऱ्याच मेडिकल स्कूल एपीच्या क्रेडिटवर बायो-केमिस्ट्री झाली असं धरत नाहीत, परत करावंच लागतं. म्हणून मनात असलेल्या दोन-तीन कॉलेजांचं क्रेडिटचं पान आधीच उघडून बघा.

परीक्षेचं रजिस्ट्रेशन नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत होतं, नंतर लेट फी लागते. टीचरने एपीसाठी नाव सुचवलं नसेल तर काही शाळांत पालकांच्या सहीने मूल बसवता येतं, पण सही करायच्या आधी त्या टीचरला भेटा आणि का नाही सुचवलं ते विचारा, कारण आपल्याला घरी न दिसलेलं काहीतरी त्यांना वर्गात दिसलेलं असतं. आणि ड्रॉपची तारीख आजच फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लिहा, तिच्या आधीच्या रविवारी मुलाला घेऊन बसा आणि सरळ विचारा की हे सगळं ठेवायचंय का. आमच्याकडे तो रविवार सप्टेंबरमध्ये आला, धाकट्याने दोन एपी ठेवले, तिसरं ऑनर्सला बदलून घेतलं, आणि मंगळवारचा तबला चालू आहे.