युरोपीय भाषा आणि प्राथमिक वित्तशास्त्र एकाच सत्रात कसे घ्यावे

भाषेचा अभ्यासक्रम निवडताना आधी त्याची पातळी पाहावी. युरोपीय भाषा-प्रावीण्य चौकटीतील ए१ (नवशिके) ते सी२ (सर्वोच्च) या सहा पातळ्यांपैकी पूर्वज्ञान नसलेल्याने ए१पासूनच सुरुवात करावी. युरोपीय श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीत एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचा अभ्यास गृहीत धरलेला असतो, म्हणून ६ श्रेयांकांच्या विषयासाठी किमान १५० तास राखून ठेवावेत. जर्मनमधील चार विभक्ती आणि तीन लिंगे रोज घोटल्याशिवाय अंगवळणी पडत नाहीत. माझ्या मते भाषेला दररोज अर्धा तास देणे हे आठवड्यातून एकदा सलग बसण्यापेक्षा कितीतरी चांगले. वित्तशास्त्रात मात्र पैशाचे कालमूल्य, म्हणजे आजचा पैसा उद्याच्या तितक्याच पैशापेक्षा मोलाचा ही कल्पना, आधी पक्के करावे: वार्षिक ५ टक्के दराने वर्षभरानंतरच्या १०५ची आजची किंमत १०० का, हे स्वतः गणित मांडून उमजले, की रोख्यांचे मूल्यांकन जड जात नाही.